सवा फेरा: उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये हायड्रोजनच्या कामाची माणसं कशी तयार झाली

हे प्रकरण मी जिथं क्वालिटी आणि ट्रेनिंग बघतो त्या बेळगावच्या वर्कशॉपचं आहे. वर्कशॉपचं नाव, गिऱ्हाइकाचं नाव, माणसांची नावं सगळी काढून टाकलीत, बाकी जसं घडलं तसं लिहितोय. आपल्या भागातल्या दुसऱ्या कुणाला असलं काम आलं तर आम्ही जिथं तीन महिने घालवले तिथं त्यांचे जाऊ नयेत एवढ्यासाठी हा खटाटोप.

पार्श्वभूमी

उद्यमबाग, मच्छे, होनगा हा सगळा पट्टा फौंड्री, मशीन शॉप आणि हायड्रोलिक्सचा. कास्टिंग, पंप, व्हॉल्व्ह, सिलेंडर, मॅनिफोल्ड ब्लॉक ह्यावर दोन-तीन पिढ्या जगल्यात इथं. आमचं वर्कशॉप हायड्रोलिक फिटिंग आणि पाइप असेंब्लीचं, साधारण चाळीस माणसं. त्यात खानापूर, कंग्राळी, अनगोळ, पिरनवाडीकडची मराठी पोरं जास्त, बैलहोंगल आणि गोकाककडची कानडी पोरं, आणि सगळ्यांची मिळून एक शॉप फ्लोअरची भाषा, ज्यात पाना मराठीत मागतात, शिवी कानडीत घालतात आणि ड्रॉइंग इंग्रजीत वाचतात.

केंद्र सरकारनं ४ जानेवारी २०२३ ला नॅशनल ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं, १९,७४४ कोटींचं. २०३० पर्यंत वर्षाला किमान ५० लाख टन हायड्रोजन बनवायचा आणि त्यातून ६ लाखांवर रोजगार निर्माण होतील असं त्यात आहे. पेपरात ते वाचलं तेव्हा आम्हाला वाटलं हे रिलायन्स, एनटीपीसी असल्या मोठ्यांचं काम, आपला काय संबंध. पण इलेक्ट्रोलायझर म्हणजे पाण्यातनं विजेनं हायड्रोजन काढणारं मशीन, त्याच्या आजूबाजूला ट्यूब, व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, गेज ह्यांचं जंगल असतं आणि ते जंगल कुणीतरी हातानं बांधावं लागतं. २०२३ ची दिवाळी झाली आणि दक्षिणेकडच्या एका गिऱ्हाइकाची चौकशी आली, सहा गॅस पॅनेल पाहिजेत, ३१६ एल स्टेनलेस स्टीलची ट्यूब, डबल फेरूल फिटिंग (नटाच्या आतल्या दोन कड्यांनी, म्हणजे फेरूलनी, ट्यूबला पकडणारं), एका पॅनेलमध्ये २२ जॉइंट. आधी एक सँपल द्या, पास झालं तर ऑर्डर.

मालक म्हणाले, "आपण २५० बार दाबाची हायड्रोलिक लाइन बांधतोय की वो, हे तर ४० बारचं काम, त्यात काय एवढं." मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

अडचण

सँपल आम्ही मनापासून केलं. सगळ्यात जुन्या फिटरनं बांधलं, सगळे त्यांना मामा म्हणतात, सव्वीस वर्षं हायड्रोलिक्समध्ये काढलेला माणूस, शिक्षण सातवी. ४० बार नायट्रोजन भरून अर्धा तास ठेवलं, गेजचा काटा हलला नाही, साबणाचा फेस लावला, बुडबुडा नाही. खोक्यात घालून पाठवलं.

चार दिवसात फोन आला. त्यांनी हेलियम भरून स्निफरनं, म्हणजे गळणारा गॅस हुंगून पकडणाऱ्या यंत्रानं, तपासलं तर २२ पैकी तीन जॉइंट लीक. दुसरी गोष्ट, ऑक्सिजनच्या बाजूच्या ट्यूबमध्ये तेल सापडलं. त्यांच्या माणसानं फोटो पाठवला, पांढरा पुसायचा कपडा आणि त्यावर पिवळसर रेघ. तो फोटो बघून मला घाम फुटला, कारण ह्याचा अर्थ काय होतो ते तेवढं मला माहीत होतं. १ किलो हायड्रोजन काढला की त्याच पाण्यातनं ८ किलो ऑक्सिजन पण निघतो, आणि दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेलाचा थेंब म्हणजे पेट घ्यायला तयार बसलेलं इंधन.

लीक का झालं ते समजायला आम्हाला वेळ लागला. हायड्रोलिक्समध्ये जॉइंट गळाला तर तेलाचा थेंब दिसतो, दिसला की पाना लावून अजून थोडा आवळायचा, सव्वीस वर्षं मामांच्या हाताला हेच वळण. डबल फेरूलचं गणित वेगळं आहे. पाव इंच ते एक इंच साइजला नट हातानं घट्ट करायचा आणि मग पान्यानं बरोब्बर सवा फेरा, म्हणजे एक पूर्ण आणि पाव. तेवढ्यात पुढचं फेरूल सीट होतं आणि मागचं ट्यूबला पकडतं. कमी फिरवलं तर पकड नाही, जास्त फिरवलं तर फेरूल दबून बसतं आणि तो जॉइंट पुन्हा कधी नीट होत नाही. मामांनी अंदाजानं, हाताला "बसलं" असं वाटेपर्यंत आवळलं होतं, कुठं दीड, कुठं पावणेदोन. तेलाच्या लाइनीला ते चाललं असतं. हायड्रोजनचा रेणू फारच लहान, जिथनं तेल जात नाही, नायट्रोजन जवळजवळ जात नाही, तिथनं हा निघतो.

आणि गेजवरचा विश्वास पण चुकीचाच. ४० बारला तापमान ३ अंशांनी खाली-वर झालं की काटा ०.४ बार हलतो. म्हणजे सकाळी गार शेडमध्ये भरलं आणि दुपारी पत्रा तापल्यावर बघितलं, तर बारीक लीक त्या तापण्यात झाकून जाईल. अर्ध्या तासाच्या टेस्टनं आम्ही स्वतःचं समाधान करून घेतलं होतं.

पर्याय काय होते

मालकांच्या केबिनमध्ये बसून चार गोष्टींवर बोललो. ऑर्डर सोडायची. तयार माणसं बाहेरून आणायची. आपली माणसं बाहेर कोर्सला पाठवायची. नाहीतर इथंच शिकवायचं.

सोडायचं कुणाच्याच मनात नव्हतं. तयार माणसं आणायची तर पुणे किंवा बेंगळुरूहून आणावी लागणार, तिथं असल्या माणसाला जे मिळतं ते आम्हाला परवडणारं नव्हतं, आणि परवडलं असतं तरी तो सहा महिन्यात बेळगावला कंटाळून गेला असता. इथली पोरं उलट बाहेर जातात. निपाणी-चिकोडीकडची पोरं कागल, शिरोली, गोकुळ शिरगावला जातात, ते त्यांना जवळ पडतं, आणि अजून शिकलेली चाकणला.

राहिले दोन पर्याय आणि तिथं आम्ही पहिली चूक केली. इथं शिकवायला आमच्याकडं कोण होतं? मी आधी आयटीआयमध्ये शिकवायचो, पण फिटर ट्रेड, हायड्रोजन मी पण पुस्तकातच बघितलेला. म्हणून कोर्स निवडला. आणि कोर्सला कुणाला पाठवायचं तर तीन डिप्लोमावाल्या पोरांना, कारण कोर्स इंग्रजीत होता आणि मामांना इंग्रजी येत नाही. तेव्हा ते इतकं साहजिक वाटलं की त्यावर चर्चासुद्धा झाली नाही.

पाच दिवसांचा कोर्स, संस्थेचं नाव नको. पोरं परत आली ती ग्रीन, ब्लू, ग्रे हायड्रोजनचे रंग (म्हणजे तो कसा बनवला त्यावरून पडलेली नावं) पाठ करून, पेम आणि अल्कलाइन ह्या दोन प्रकारच्या इलेक्ट्रोलायझरमधला फरक सांगता येईल इतकी तयार होऊन, आणि सर्टिफिकेट घेऊन. पाच दिवसात एकानंसुद्धा पान्याला हात लावला नव्हता. ह्यात पोरांचा काही दोष नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसरं सँपल केलं, पोरांनी बाजूला उभं राहून सांगितलं, मामांनी बांधलं, दोन जॉइंट परत लीक. सांगणाऱ्याला करता येत नाही आणि करणाऱ्याला कळलेलं नाही, अशी आमची अवस्था.

गिऱ्हाईक चांगलं होतं म्हणून तिसरी संधी मिळाली. त्यांच्या इंजिनिअरनं फोनवर एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे जॉइंट कोण बांधतं, त्याला कुणी शिकवलंय का?"

काय केलं

मार्च ते मे, नऊ आठवडे. रोज दुपारी दोन तास मशीन बंद ठेवायला मालकांनी परवानगी दिली, हे सोपं नव्हतं, त्यांचं कौतुक केलं पाहिजे. अकरा माणसं निवडली आणि जमतील तशा जोड्या लावल्या, एक जुना हात आणि एक शिकलेलं पोरगं. जुन्यानं बांधायचं, पोरानं मोजायचं आणि लिहायचं, दर आठवड्याला उलट. पहिल्या आठवड्यात मामा नाराज होते. "सर, ह्या वयात मला पाना धरायला शिकवताय काय?" मी म्हटलं, "मामा, धरायला नाही, थांबायला." ते हसले नाहीत पण दुसऱ्या दिवशी वेळेवर आले.

मुख्य साधन म्हणजे एक बोर्ड. प्लायवूडच्या फळीवर वीस जॉइंट, त्यातले काही आम्ही मुद्दाम खराब केलेले. एकात नट एकच फेरा फिरवलेला, एकात पावणेदोन, एकात ट्यूब फिटिंगच्या आतल्या खांद्यापर्यंत पूर्ण आत न गेलेली, एकात ट्यूब कापल्यावर कडेला राहणारा बर, म्हणजे धातूची खरखरीत धार, तसाच ठेवलेला, एकात एका कंपनीचा नट आणि दुसऱ्या कंपनीचं फेरूल. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. प्रत्येकानं वीसही तपासून कुठला खराब आणि का ते सांगायचं. नट हातानं घट्ट झाला की त्यावर घड्याळातल्या सहाच्या जागी मार्करनं खूण करायची, मग ती खूण एक पूर्ण फेरा मारून नऊवर आली पाहिजे, आणि शेवटी गॅप गेज नटाच्या फटीत घालून बघायचा, गेज आत गेला तर जॉइंट कमी आवळलाय. चौथ्या दिवशी मामांनी स्वतः बांधलेला एक जॉइंट सोडवला, फेरूल तळहातावर घेऊन उजेडात धरलं, त्याची दबलेली कड नखानं चाचपली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातला मार्कर काढून सहाच्या जागी खूण करून परत सुरुवात केली. त्या दिवसानंतर त्यांना काही सांगावं लागलं नाही, तेच बाकीच्यांना सांगायला लागले.

गॅस कुठला वापरायचा हा दुसरा निर्णय, आणि ह्यावर दोन दिवस वाद झाला. डिप्लोमाच्या पोरांचं म्हणणं, हायड्रोजनचं काम शिकायचं तर हायड्रोजनवरच शिकू. मी ठाम नाही म्हणालो. हवेत ४ ते ७५ टक्क्यांच्या मधे कितीही असला तरी पेटतो, पेटायला ०.०२ मिलिज्यूल इतकी बारीक ठिणगी पुरते, म्हणजे नायलॉनच्या शर्टाची सुद्धा चालेल, आणि पेटला तर दिवसाउजेडी ज्योत जवळजवळ दिसत नाही. आमच्या शेडमध्ये पलीकडे ग्राइंडिंग चालतं. हेलियम सुरक्षित पण महाग. शेवटी ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजनचं मिश्रण आणलं, ते पेटत नाही आणि हायड्रोजनचा स्निफर त्याला बरोबर पकडतो. आधी नायट्रोजन आणि साबण, त्यात पास झालं की हे मिश्रण आणि स्निफर. साबणाला जो जॉइंट सापडला नाही तो स्निफरनं किंचाळून दाखवला की पोरांना फेसाची मर्यादा आपोआप कळायची. खरा हायड्रोजन शेवटच्या आठवड्यात फक्त चार जणांनी गिऱ्हाइकाच्या प्लँटमध्ये, त्यांच्या देखरेखीखाली हाताळला.

भाषेचा निर्णय मात्र वाद न होता झाला, उशिरा झाला एवढंच. सगळं शिकवणं मराठीत, कानडी पोरांसाठी आमचा गोकाकचा टर्नर सोबत उभा राहून कानडीत सांगायचा. ड्रॉइंगवरचे शब्द तसेच ठेवले, फेरूल, पर्ज, व्हेंट, रेग्युलेटर, ह्याला कुणी शुद्ध मराठी शोधत बसलं नाही. पण *का* हे मात्र ज्याच्या त्याच्या भाषेत. ह्याचा फायदा मला पहिल्यांदा दिसला तो हायड्रोजनची ओळख करून देताना. मी सांगत होतो, सगळ्यात हलका वायू, हवेपेक्षा चौदा पट हलका, वर जातो. मामा मधेच म्हणाले, "म्हणजे जत्रेतल्या फुग्यातला गॅस की वो!" आणि मग त्यांनी सांगितलं की लहानपणी एका जत्रेत कुणाच्या तरी विडीनं फुग्यांचा अख्खा झुपका भपकन पेटलेला त्यांनी बघितला होता, फुगेवाल्याच्या भुवया गेल्या. अकराच्या अकरा जण ऐकत होते. माझ्या चार्टवरचे ४ आणि ७५ त्यानंतर कुणाला पाठ करायला लावावे लागले नाहीत.

मग मी वाढदिवसाच्या डेकोरेशनवाल्याकडनं हेलियमचा फुगा आणला. त्याच्या आधी प्रत्येकाला विचारलं, ह्या शेडमध्ये हायड्रोजनचा डिटेक्टर कुठं लावशील, भिंतीवर खडूनं खूण कर. अकरापैकी आठ जणांनी गुडघ्याच्या उंचीवर केली. त्यांचं चुकलं नाही, आमच्या कटिंग सेक्शनला एलपीजीचा डिटेक्टर तसाच खाली आहे, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, खाली पसरतो, घराघरात बायकांना हेच माहीत असतं. फुगा सोडला, तो वर गेला आणि पत्र्याच्या खाली आढ्याजवळ दोन कैच्यांच्या मधे जाऊन अडकला. तिथंच राहिला. सगळे माना वर करून बघत होते आणि खानापूरचं एक पोरगं म्हणालं, "सर, पण आढ्याचं व्हेंटिलेटर तर आपण बंद केलंय." खरंच होतं. आदल्या पावसाळ्यात पाणी आत येतंय म्हणून पत्रा मारून टाकला होता, आणि मी वर्षभर त्याच्याखालून ये-जा करत होतो. दुसऱ्याच दिवशी तो पत्रा काढून पावसाची झड येणार नाही असं टोपण बसवलं.

वासाचं पण एलपीजीसारखंच. "वास नाही म्हणजे लीक नाही" ही घरातली सवय. एलपीजीला मुळात वास नसतो, त्यात मर्कॅप्टन घालतात म्हणून येतो. हायड्रोजनमध्ये तसं करता येत नाही कारण त्यातलं गंधक फ्युएल सेलच्या, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या यंत्राच्या, प्लॅटिनमला खराब करतं. म्हणजे इथं नाकाचा उपयोग शून्य, सगळा भरवसा डिटेक्टरवर आणि जॉइंटवर.

तेलाचा प्रश्न सगळ्यात चिवट. मशीन शॉपमध्ये सगळ्यांचा हात तेलाचा असतो, दाराच्या कडीपासून चहाच्या कपापर्यंत तेलाचा अंश असतो, आणि थ्रेडला तेलाचं बोट लावून नट चढवायचा हा फिटरचा संस्कार. ऑक्सिजनच्या बाजूसाठी आम्ही पार्टिशन घालून दहा बाय बाराची एक केबिन केली, आत वेगळे पाने, वेगळे हातमोजे, धुतलेली ट्यूब दोन्ही टोकांना टोपी लावून पिशवीत. धुतलेल्या पृष्ठभागावर शुद्ध पाणी ओतून बघायचं, पाण्याचा पडदा सलग राहिला तर स्वच्छ, मधेच फाटून थेंब झाले तर तेल आहे. ही टेस्ट पोरांना फार आवडली, घरी स्टीलच्या ताटावर करून बघितली म्हणाली.

कागदाचं काम, म्हणजे प्रत्येक जॉइंटला नंबर, कुणी बांधला, कुणी तपासला, दोन सह्या, ह्याला सगळ्यात जास्त विरोध झाला. "आमच्यावर विश्वास नाही काय?" असा सूर. तेव्हा मी त्यांना नॉर्वेची गोष्ट सांगितली. १० जून २०१९, ओस्लोजवळ सांडविका नावाच्या ठिकाणी हायड्रोजन भरायच्या स्टेशनवर स्फोट झाला. नशिबानं कुणी मेलं नाही, जवळच्या गाडीतल्या दोघांना एअरबॅग फुटून लागलं. चौकशीत निघालं ते असं की उच्च दाबाच्या टाकीच्या प्लगचे बाहेरचे बोल्ट नीट आवळलेले होते, आतले पुरेसे आवळलेले नव्हते. हे ऐकल्यावर मामांनी विचारलं, "बांधणारा कोण होता ते लिहून ठेवलं नव्हतं काय?" आणि त्या संध्याकाळी पहिली सही त्यांनी केली, मराठीत, सावकाश, नाव पूर्ण लिहून.

जे बघायचं राहून गेलं

सहाव्या आठवड्यातली गोष्ट. ती नवी केबिन धूळ येऊ नये म्हणून चारी बाजूंनी बंद केलेली, दाराला रबर लावलेला. ट्यूब आतून कोरडी करायला आणि हवा काढायला आम्ही नायट्रोजन सोडायचो, आणि तो सगळा नायट्रोजन केबिनमध्येच सुटायचा. एक दिवस आतलं पोरगं दार उघडून बाहेर आलं, भिंतीला धरून खाली बसलं, म्हणालं डोकं हलकं झाल्यासारखं वाटतंय. आम्ही म्हटलं उन्हाळा आहे, जेवला नसशील. पाणी दिलं, गूळ दिला. घरी गेल्यावर रात्री मला झोप आली नाही, उठून हिशोब केला. केबिन साधारण २७ घनमीटरची. नायट्रोजनचा एक भरलेला सिलेंडर म्हणजे साधारण ७ घनमीटर गॅस. एक अख्खा सिलेंडर आत सुटला आणि हवा बदलली नाही तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६ च्या आसपास येतो. १९.५ च्या खालीच धोक्याचा अलार्म वाजायला पाहिजे. आम्ही सहा आठवडे आगीची भीती घातली आणि ज्याला आग लागत नाही, वास नाही, रंग नाही, त्या नायट्रोजनबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. आणि नायट्रोजन माणूस बेशुद्ध पडायच्या आधी बहुतेक वेळा सूचना देत नाही, गुदमरल्यासारखंसुद्धा वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी काम बंद ठेवलं. व्हेंटची नळी केबिनच्या बाहेर, शेडच्याही बाहेर काढली, आत ऑक्सिजन मीटर टांगला, एकट्यानं आत जायचं नाही हा नियम केला. त्या पोराच्या वडिलांना मी स्वतः भेटून काय झालं होतं ते सांगितलं. ते पिरनवाडीला राहतात, त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "आता मीटर लावलाय न्हवं?" 

निकाल

तिसरं सँपल जूनच्या सुरुवातीला पास झालं. सहाच्या सहा पॅनेल ऑगस्टपर्यंत गेली, पाच पहिल्या फटक्यात पास, एकात एक जॉइंट आमच्याच स्निफरवर सापडला तो नवीन ट्यूब घालून बदलला. जुलैच्या पावसात अडचण आली ती वेल्डिंगची. दमट हवेत आर्गनचा पर्ज, म्हणजे ट्यूबमधली हवा काढायला आत सोडलेला आर्गन, जरा कमी पडला की ट्यूबच्या आतून वेल्ड काळपट, दाणेदार होतो, त्याला शॉपमध्ये शुगरिंग म्हणतात. उसाच्या जिल्ह्यातल्या पोरांना तो शब्द एकदा सांगितला की विसरत नाहीत. असे सात पीस कापून टाकावे लागले.

अकरातले दोघं गेले. एक बेंगळुरूकडे, एक चाकणला, दोघांनाही चांगला पगार मिळाला. मालकांना ते लागलं, पुढच्या वेळी बाँड लिहून घेऊ म्हणाले. मी विरोधात बोललो आणि अजूनही माझं तेच मत आहे. शिकलेलं पोरगं बाँडनं राहत नाही, मन मारून राहतं, आणि मन मारून बांधलेला जॉइंट मला ह्या कामात नको. त्याऐवजी राहिलेल्या नऊ जणांना वेगळा भत्ता सुरू केला, मालक कुरकुरत का होईना तयार झाले.

पुढची ऑर्डर आम्हाला वाटली होती तेवढी मोठी आली नाही, गिऱ्हाइकाचा प्रोजेक्ट मागं पडला. पण हे शिकलेलं वाया गेलं नाही. साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळून राहिलेल्या मळीसारख्या गाळापासून, बायोगॅस करायचे प्लँट आपल्याकडं येतायत, त्यांच्या गॅस पॅनेलचं काम मिळालं, आणि एका औषध कंपनीच्या ट्यूबिंगचं. तिथंही सवा फेरा तोच आणि दोन सह्या त्याच.

परत करायचं झालं तर

पहिली गोष्ट, कोर्सला मामांना पाठवलं असतं, किंवा कोर्सवाल्यांना इथं बोलावलं असतं. ज्याच्या हातात पाना आहे त्याला वगळून सुरुवात केली ह्यात तीन महिने आणि एक सँपल गेलं. भाषा येत नाही हे कारण मी स्वतः पुढं केलं होतं, आणि आयटीआयमध्ये इतकी वर्षं शिकवून मला हे कळायला हवं होतं की दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं पोरगं इंग्रजी कोर्समध्ये मान डोलावतं, विचारत काही नाही.

दुसरं म्हणजे नायट्रोजन पहिल्या दिवशी. हायड्रोजनच्या आधी. जे पोरांच्या हातात रोज येणार ते आधी.

तिसऱ्याबद्दल माझं मन अजून ठरलेलं नाही. झिंक केलेल्या साध्या स्टीलच्या फिटिंगचे डबे आणि ३१६ एलचे डबे आम्ही एकाच रॅकवर ठेवले होते आणि एकदा साधा प्लग पॅनेलमध्ये गेला, तपासणीत सापडला. हायड्रोजनमध्ये सगळं स्टील सारखं वागत नाही, कडक स्टील आतून ठिसूळ होऊन तडकतं. आता रॅक वेगळे केलेत, डब्यांना रंग दिलाय. पण हे काम खरं म्हणजे वेगळ्या शेडमध्ये पाहिजे, आणि वेगळी शेड घ्यावी इतकं काम अजून नाही. बायोगॅसचं काम वाढलं तर विचार करू असं ठरलंय.

आणि मामांच्या हातात आजही कागद नाही. तीन डिप्लोमावाल्यांकडं त्या पाच दिवसांचं सर्टिफिकेट आहे, त्यातला एक चाकणला गेला तो त्याच्याच जोरावर, आणि ज्यांनी त्याला जॉइंट बांधायला शिकवला त्यांच्या नावावर काही नाही. सरकारी योजनेत आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट द्यायची सोय आहे, आरपीएल म्हणतात तिला. मी मामांसाठी त्याच्या मागं लागलोय. परीक्षा तोंडी आणि मराठीत घ्या, हाताचं काम बघा, एवढंच माझं मागणं आहे.

पुढची बॅच सात जणांची आहे, त्यात खानापूरच्या आयटीआयची दोन पोरी आहेत, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झालेल्या. मामांनी फळी धुऊन पुसून परत भिंतीला टांगली आहे, ह्या वेळी वीसपैकी सहा जॉइंट खराब केलेत, आणि कुठले सहा ते मलासुद्धा सांगितलेलं नाही.